शिट्टी घेतलीस का?

शुक्रवार, रात्रीचे साडेअकरा. पहाटे ट्रेकला निघायचंय आणि सॅक अजून रिकामी! मग काय, दिसेल ते कोंबायचं. दोन टीशर्ट, मॅगीची पाकिटं, सेल्फी स्टिक, ब्लूटूथ स्पीकर. टॉर्च? मोबाइलमध्ये आहे की! माझं पॅकिंगही अगदी असंच असायचं. मग २०२२च्या सप्टेंबरात हरिश्चंद्रगड झाला.

गड तुम्हाला ठाऊक असेलच. १,४२४ मीटर उंची, केदारेश्वराच्या गुहेतलं बर्फगार पाणी आणि पोटात गोळा आणणारा कोकणकडा. पाचनईकडून वाट त्यातल्या त्यात सोपी. आम्ही चौघं मात्र खिरेश्वरहून निघालो, तेही दुपारी एक वाजता. कारण? वाटेत मिसळ खायची होती!

टोलार खिंडीतलं व्याघ्रशिल्प पाहिलं, फोटो काढले, रेलिंग धरून कातळटप्पा चढलो. खरी गंमत त्याच्या पुढे आहे. वर पोचलो असं वाटतं आणि समोर टेकड्यांमागून टेकड्या. त्यात धुकं उतरलं. दगडावरचे बाण दिसेनात, गुरांच्या वाटा चहूकडे फुटलेल्या आणि सगळ्या सारख्याच मळलेल्या. तेवढ्यात मैत्रिणीचा पाय मुरगळला. साडेसहा वाजलेले, रेंज शून्य, माझी बॅटरी नऊ टक्के. एक जण म्हणाला, ‘मी पुढे जाऊन बघून येतो.’ आम्ही त्याला अक्षरशः धरून बसवलं. गडावर कोकणकडा आहे आणि धुक्यात कडा दिसत नाही, हे तेव्हा एकदम आठवलं.

घसा बसेपर्यंत ओरडलो. मग छातीवरच्या पट्ट्याचं बक्कल चाळवता चाळवता त्याच मित्राला शोध लागला, की बॉस, ही तर शिट्टी आहे! (तुमच्याही सॅकला असेल, बघा.) बऱ्याच वेळानं धुक्यातून हाक आली, ‘कोन हाय रं तिकडं?’ गडावर झोपडीत जेवण देणारे एक मामा बॅटरी घेऊन आले. मुक्काम जेमतेम वीस मिनिटांवर होता, आम्ही नेमके उलटे चाललो होतो. ‘मामा, आमचं ओरडणं ऐकू नाही आलं?’ ‘आलं की. पोरं रोजच वरडत्यात. शिट्टी वाजली म्हनून आलो.’

तेव्हापासून माझ्या सॅकमध्ये सगळ्यात वर एक पाऊच असतो. तळाशी ठेवलेलं काही अंधारात सापडत नाही. आत शिट्टी. मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. समोरून तीन आल्या, की समजायचं कुणीतरी ऐकलंय. डोक्याला लावायचा टॉर्च आणि जादा सेल, म्हणजे उतरताना दोन्ही हात मोकळे. क्रेप बँडेज, स्वतःची रोजची औषधं. ओआरएसचं पाकीट, आणि ते पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. अर्ध्या बाटलीत अख्खं ओतण्याचा आगाऊपणा नको. कचऱ्याची एक मोठी काळी पिशवीही ठेवते. दिसते गबाळी, पण डोक्यापुरतं भोक पाडलं की रेनकोट तयार. मूठभर खजूर आणि चिक्की, जी दुपारी संपवायची नाही! शिवाय सगळ्यांचे रक्तगट आणि घरचे नंबर लिहिलेला कागद, कारण मोबाइल मेला की नंबर पाठ कुणाला असतात?

मोबाइल चढताना एअरप्लेन मोडवर. रेंज शोधण्यातच तो निम्मा जीव सोडतो. रेंज मिळाली तर ११२. डिओ मात्र घरीच. उग्र वासानं आग्या मोहोळ उठलं, तर पाऊचमधलं काहीच कामाला येत नाही.

आणखी एक गोष्ट पाऊचमध्ये मावत नाही. कुठल्या वाटेनं जाणार, कधी परतणार, हे घरी लिहून ठेवायचं. सह्याद्रीत अडकलेल्यांना शोधायला बहुतेक वेळा गावकरी आणि लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांचे स्वयंसेवकच जातात, आपापली कामं सोडून. निदान डोंगराची कुठली बाजू, एवढं तरी त्यांना कळू दे.

त्या रात्री मामांनी पिठलं-भाकरी वाढली. सकाळी मैत्रीण काठी टेकत, दर दहा पावलांना बसत पाचनईकडे उतरली. कोकणकडा धुक्यातच राहिला. पुढच्या खेपेला तिनं पहिला मेसेज केला, ‘शिट्टी घेतलीस का?’ मिसळीचं नावही काढलं नाही.