मेणाची गोळी

आमच्याकडचं बंदुकीचं वेड ग्वाल्हेरबाहेरच्या माणसाला समजावून सांगणं कठीण आहे. मोटरसायकलवर मागे बसलेल्याच्या खांद्याला दुनळी लटकलेली असते आणि कोणी वळूनही पाहत नाही. शेजारच्या शिवपुरीत २००८ साली नसबंदी करून घेणाऱ्याला परवाना लवकर द्यायची टूम प्रशासनाने काढली होती. २०१९ मध्ये ग्वाल्हेरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी परवान्यासाठी दहा झाडं लावायची अट घातली. या दोन्ही बातम्या मी पुण्याच्या मित्रांना सांगितल्या तेव्हा ते हसले. आम्ही हसत नाही, कारण परवान्यासाठी माणूस काय काय करेल हे आम्ही पाहिलेलं आहे.

आपल्या मराठी घरांत हे वेड तसं कमी, पण आमच्या बाबांकडे एक रिव्हॉल्व्हर आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं, .३२ चं. बँकेत कॅशिअर होते तेव्हा परवाना मिळाला, त्याला आता बावीस वर्षं झाली. एरवी ते कपाटात मखमली फडक्यात असतं. दसऱ्याला पाटावर येतं, हळदकुंकू आणि झेंडूचं फूल घेऊन परत कपाटात जातं. निवडणूक लागली की ठाण्यात जमा होतं. बावीस वर्षांत बाबांनी एकूण सहा गोळ्या झाडल्या, त्याही सगळ्या पहिल्याच वर्षी, एका ओळखीच्यांच्या शेतात.

गेली दोन वर्षं मी कामानिमित्त अमेरिकेत, नेव्हाडा राज्यातल्या रेनो शहरात राहतो. आमच्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ आहेत, निवृत्त इलेक्ट्रिशियन. शनिवारी सकाळी त्यांच्या गॅरेजमधून टिकल्या फोडल्यासारखा आवाज यायचा. मुलगी दुसरीत आहे आणि तिची सायकल त्यांच्या दारावरून जाते, तेव्हा आवाज कसला हे विचारणं भागच होतं. त्यांनी दार वर केलं आणि म्हणाले, या, बघून जा.

गॅरेजमध्ये कुठे स्वयंपाकघर नसतं, पण पहिल्यांदा मला तसंच वाटलं. एका शेगडीवर पाण्याचं भांडं, त्यात दुसरं भांडं, आणि त्यात वितळणारं मेण. आपण चॉकलेट वितळवतो तसं. मेणाचं भांडं थेट आचेवर कधी ठेवायचं नाही, पेट घेतं. मेण साधंच, तिकडे मुरंब्याच्या बरण्यांची तोंडं बंद करायला वाण्याकडे वड्या मिळतात ते. वितळलं की पसरट ताटात ओतायचं, सुमारे अर्धा इंच जाडीचा थर. तो पुरता थंड होऊन ठिसूळ व्हायच्या आत काडतुसाची रिकामी पितळी टोपणं त्यात उभी दाबायची. वाटीने लाटीतून पुऱ्या कापतात ना, अगदी तसं. टोपण वर उचललं की तोंडाशी मेणाची गोल चकती बसलेली. झाली गोळी.

यात बारूद नसतेच. टोपणाच्या बुडाशी जी इवलीशी टोपी असते (तिकडे प्रायमर म्हणतात, आमच्या चंबळीतल्या टोपीदार बंदुकीमुळे मला टोपीच म्हणावंसं वाटतं) तेवढ्याच्या फटक्याने मेण बाहेर फेकलं जातं. टोपी मेण भरून झाल्यावर बसवायची, नाहीतर आत अडकलेली हवा मेणाला नीट बसू देत नाही. एक गंमत त्यांनी सांगितली ती माझ्यातल्या इंजिनिअरला फार आवडली. नेहमीच्या काडतुसातही टोपी उडताना थोडी मागे सरकते, पण बारुदीचा दाब अख्खं टोपण मागे रेटतो आणि टोपी परत जागेवर बसते. मेणाच्या काडतुसात तो दाबच नाही. टोपी मागे आलेलीच राहते, तिचा कडा बाहेर अडतो आणि रिव्हॉल्व्हरचं चक्र फिरेनासं होतं. म्हणून टोपीपासून आत जाणारं भोक थोडं मोठं करून घेतात.

आणि इथेच खरी मेख आहे. भोक मोठं केलेलं टोपण पुन्हा बारूद भरून वापरणं धोक्याचं. त्यामुळे त्यांच्या मेणाच्या सगळ्या टोपणांचं बूड लाल रंगवलेलं, त्यांचा डबा वेगळा, टेबल वेगळं. खरी काडतुसं गॅरेजमध्ये आणायचीच नाहीत, ती घरात कुलपात. सुरू करायच्या आधी ते रिव्हॉल्व्हर उघडतात, सगळी घरं उजेडाकडे धरून बघतात, मग मलाही बघायला लावतात. मी पाहुणा, मला काय कळणार? तरी बघायचं आणि तोंडाने "रिकामं" म्हणायचं. दोघांच्या डोळ्यांवर चष्मे. मेण म्हणून हसू नका, जवळून लागलं तर कातडी फोडतं आणि डोळा तर घालवतंच. दार अर्धं उघडं, कारण टोपीच्या धुरात शिसं असतं. शेवटी हात साबणाने धुवायचे, मगच कॉफी.

आमच्या धंद्यात याची रोजची शिकवण असते. चाचणीचा सर्व्हर वेगळा, गिऱ्हाइकाचा खरा सर्व्हर वेगळा. चाचणीच्या सर्व्हरवर तुम्ही काय वाटेल ती मोडतोड करू शकता, पण ती मोकळीक तुम्ही नक्की चाचणीवरच आहात या खात्रीवर उभी असते. दोन्ही खिडक्या सारख्याच दिसतात, म्हणून आम्हीही खऱ्याची चौकट लाल करतो. मेण निरुपद्रवी आहे ते मेण आहे म्हणून नव्हे, तर त्या डब्यात दुसरं काहीच येऊ शकत नाही म्हणून.

हा खेळ जुना आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये मेणाच्या गोळ्यांची द्वंद्वयुद्धं खेळली जात, आणि १९०८ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी त्याचं प्रात्यक्षिकही झालं होतं. जाड लांब कोट, तोंडावर मुखवटा, पिस्तुलाला हात झाकणारी ढाल, आणि समोरासमोर उभे राहून एकमेकांवर मेण! पदकं मात्र नव्हती. अमेरिकेत १९५० च्या दशकात काउबॉय सिनेमांच्या लाटेत झटक्यात पिस्तूल काढायची स्पर्धा लोकप्रिय झाली. खऱ्या गोळ्या भरून हे करताना लोक स्वतःच्याच पायात गोळी मारून घेऊ लागले, तेव्हा मेण आलं. आमच्या शेजाऱ्यांबरोबर आम्ही फॅलनला अशी एक स्पर्धा पाहून आलो. एकवीस फुटांवर पोलादी चकती, तिच्या मधोमध दिवा. दिवा लागला की काढायचं आणि मारायचं, मेण आपटलं की घड्याळ थांबतं. चांगले खेळाडू अर्ध्या सेकंदाच्या आत. मुलीला टोप्या फार आवडल्या.

हे सगळं मी रविवारच्या व्हिडिओ कॉलवर बाबांना सांगितलं, आणि त्यांचे डोळे चमकले.

"अरे, मग इथे मेणबत्त्यांची काय कमी आहे? तू येताना त्या टोप्यांची एक डबी आण. तेवढाच हात बसेल."

मी म्हटलं, बाबा, विमानात ती डबी चालत नाही, आणि चालली असती तरी आणली नसती. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात काडतुसाचे सुटे भागही दारूगोळ्यातच मोडतात, आणि दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. तुमचा परवाना रिव्हॉल्व्हर बाळगायचा आहे, गच्चीवर कारखाना काढायचा नाही.

बाबा रागावले नाहीत. म्हणाले, "म्हणजे खरी गोळी ठेवायला परवानगी आणि मेणाची करायला नाही. वा!"

यावर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. त्यांचं म्हणणं वेडगळ नाही. २०१६ च्या नियमांत परवान्यासाठी प्रशिक्षणाची अट आली, पण बाबांचा परवाना त्याच्या आधीचा. हातात धरायचं कसं हे त्यांना दुकानदाराने दहा मिनिटांत दाखवलं होतं. रायफल क्लबात जायला ते लाजतात, तिथे सगळी सोळा-सतरा वर्षांची मुलं.

पण मला आठवत होती ती माझ्या मावसभावाची वरात. मी अकरा वर्षांचा होतो. मुरारला बँड वाजत होता, दोन-तीन जणांनी हवेत बार काढले, टाळ्या पडल्या. मग एकाने रिव्हॉल्व्हर खाली घेतलं, शेजारच्याला दाखवायला, आणि ते सुटलं. ढोलवाल्याच्या दंडातून गोळी आरपार गेली. माणूस वाचला, पण त्यानंतर त्याला आमच्या गल्लीत ढोल वाजवताना कोणी पाहिलं नाही. ज्याच्या हातात होतं तो तिथेच बसून एकच वाक्य म्हणत होता, "मैं तो समझा खाली है, मैं तो समझा खाली है." आता २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या वेळी पंचांनी मिटवलं.

बाबाही त्या वरातीत होते. मी विचारलं, "तुम्हाला आठवतं?"

"आठवतं," ते म्हणाले. थोडा वेळ थांबून म्हणाले, "तुझे शेजारी दरवेळी तुला घरं दाखवतात?"

"दरवेळी. मी मागच्याच आठवड्यात पाहिली असली तरी."

"आणि तू रिकामं म्हणतोस."

"मोठ्याने म्हणायला लावतात."

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. बाबांनी सकाळी रिव्हॉल्व्हर काढून खिडकीत नेलं, सहाही घरं उजेडाकडे धरून पाहिली आणि तिला हाक मारली. तिने पोळपाट-लाटणं बाजूला ठेवून पाहिलं आणि "रिकामं" म्हटलं. जुन्या गोळ्या त्यांनी वेगळ्या डब्यात घालून त्या डब्याला वरच्या खोलीत कुलूप लावलं, किल्ली आईच्या जुडग्यात. आई म्हणाली, बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या कपाटाजवळ जाताना मला बरं वाटलं.

परवान्याचं नूतनीकरण दिवाळीला आहे. अर्जावर बाबांनी फोटो चिकटवलाय, सही अजून केलेली नाही.