मुठीची किंमत

वस्तूंची किंमत करणाऱ्या माणसांचे मला नेहमीच थोडे भय वाटते. सोनाराने आजीची पाटली तराजूत टाकली म्हणजे तो फक्त सोने तोलतो; पाटलीला पडलेला पोचा कोणत्या लग्नघाईत पडला, हे त्याच्या वजनात येत नाही. उलट डागाचे सोने तो निर्विकारपणे वजा करतो! गेल्या वर्षी अशाच एका किंमत करणाऱ्या गृहस्थांपुढे बसण्याची पाळी माझ्यावर आली. तराजू मात्र नव्हता. टेबलावर हिरव्या कापडावर होते माझ्या आजोबांचे रिव्हॉल्वर.

आमचे घर अंबाडीचे. भिवंडीहून वाड्याकडे जाताना जिथे वज्रेश्वरीची वाट फुटते, तेच अंबाडी. आजोबांची तिथे भाताची गिरण होती. तांदूळ भिवंडीच्या बाजारात जाई आणि पैसे रात्री-अपरात्री रानातल्या रस्त्याने घरी येत. त्या पैशांच्या सोबतीला म्हणून त्यांनी परवाना काढून वेब्ली अँड स्कॉटचे बत्तीस बोअरचे रिव्हॉल्वर घेतले होते. ते त्यांनी कुणावर झाडल्याचे ऐकिवात नाही. वर्षातून एकदाच, खंडेनवमीला, काडतुसे काढून ते पाटावर येई. कोयता, विळा, गिरणीचा पाना आणि मधोमध ते! झेंडूचे फूल वाहताना आजी मात्र हात जरा लांबूनच नेई.

मी नऊ वर्षांचा असताना त्याच पाटावरून मी ते उचलले. इतकेसे दिसणारे ते लोखंड इतके जड असेल असे वाटले नव्हते. हातातून निसटले, ओटीच्या दगडी पायरीवर आपटले आणि मुठीच्या काळ्या पट्टीचे दोन तुकडे झाले. आजोबा काही बोलले नाहीत. चार दिवसांनी गावच्या सुताराने, जो एरवी नांगर आणि गाड्याची चाके करी, मोडक्या शिसवी पलंगाच्या खुरातून दोन नव्या पट्ट्या घडवून दिल्या. आजोबांच्या त्या मौनाचे ओझे मात्र मी पुढे पुष्कळ वर्षे वाहिले. ते रागावले असते तर बरे झाले असते, असे मला वाटे.

आजोबांमागून परवाना आप्पांच्या नावे झाला. आप्पाही गेले, आणि कायद्याप्रमाणे आम्ही ते हत्यार परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केले. एक चुलतभाऊ म्हणाला, “अरे, पुराणवस्तू ती! तिला कसला आलाय परवाना?” पण १९५९ चा शस्त्र कायदा असा भोळा नाही. दुरुस्त करूनही जे झाडता येणार नाही, अशाच जुन्या हत्याराला तो मोकळीक देतो. आमचे तर ठणठणीत होते. वारसाला परवाना मागता येतो. पण मी शहरात राहणारा, भाजीच्या पिशवीखेरीज कशाचेही रक्षण न करणारा मनुष्य. मी विकायचे ठरविले.

तेव्हा त्या गृहस्थांची गाठ पडली. स्वतः परवानाधारक, आणि जुन्या रिव्हॉल्वरांचे मोठे शौकीन. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येऊ लागली, तेव्हा आपले एक कसे द्यावे लागले, हे त्यांनी मुलगी सासरी धाडल्याच्या सुरात सांगितले. मग शिकवणी सुरू झाली. पिस्तूल निराळे, रिव्हॉल्वर निराळे. नाशिकला १९०९ साली अनंत कान्हेऱ्यांनी जॅक्सनवर झाडले ते ब्राउनिंग पिस्तूल. त्याला फिरते चक्र नसते. चक्राच्या रिव्हॉल्वरचे पेटंट सॅम्युअल कोल्टने १८३६ साली अमेरिकेत घेतले. वेब्लीची खुबी अशी, की खिट्टी दाबून नळी खाली मोडली की रिकामी काडतुसे आपोआप वर उचलली जातात. आपल्या कानपूरच्या कारखान्यातले बत्तीस बोअरचे रिव्हॉल्वरही याच घराण्याच्या वळणाचे.

“किंमत दोन तऱ्हांची असते,” ते म्हणाले. “बाजार पाहतो टंचाई. १९८० नंतरच्या दशकात खासगी आयात बंद झाली, म्हणून जुन्या विलायती मालाला इथे सोन्याचा भाव. संग्राहक पाहतो अस्सलपणा. चौकटीवरचा क्रमांक चक्रावरच्या क्रमांकाशी जुळतो का? बर्मिंगहॅमच्या तपासणीचे शिक्के शाबूत आहेत का? मूळचा निळसर-काळा रंग आहे, की कुणी हौसेने घासून चकचकीत केलाय? एक वेळ झीज परवडते, साहेब. नवी झिलई परवडत नाही!”

आमचे रिव्हॉल्वर एकेक परीक्षा उत्तीर्ण होत गेले. शेवटी त्यांचा अंगठा मुठीवर थांबला.

“मूठ मूळची नाही.”

पन्नास वर्षांनी मी पुन्हा त्या पायरीवर उभा राहिलो. त्यांनी स्क्रू सोडवला, शिसवी पट्ट्या अलगद काढल्या, त्यांतली एक उलटी करून डोळ्यांजवळ नेली आणि काही न बोलता माझ्या हाती दिली. आतल्या बाजूस पेन्सिलीने, आजोबांच्या तिरप्या अक्षरांत लिहिले होते: “खंडेनवमी, शके १८९४. मूठ मोडली. पोराचा पाय वाचला.”

ते जड लोखंड माझ्या पायापासून दोन बोटांवर पडले होते, हे मी साफ विसरलो होतो. मला फक्त मोडलेली मूठ आठवत होती. आजोबांनी मात्र त्याच दिवशी दोन्ही गोष्टी तोलून पाहिल्या होत्या आणि हिशेब लिहून, स्क्रू आवळून, बंद केला होता. ज्याला मी राग समजत आलो, तो सुटकेचा निःश्वास होता.

गृहस्थांनी मुठीपायी बरीच रक्कम वजा केली. मी घासाघीस केली नाही. इतकेच विचारले, “आपण अस्सल पट्ट्या मिळवून बसवणारच ना? मग या मी ठेवू का?” ते हसले. “यांची किंमत आमच्या वहीत शून्य आहे,” म्हणाले, आणि आपल्या रुमालात बांधून त्यांनी त्या मला दिल्या. विक्रीचे कागद रीतसर झाले. रिव्हॉल्वर योग्य घरी गेले.

यंदाच्या खंडेनवमीला अंबाडीच्या घरी पाट मांडला. कोयता, विळा, गिरणीचा गंजलेला पाना, आणि मधोमध शिसवीच्या दोन पट्ट्या. माझी नात म्हणाली, “आजोबा, हे कसले हत्यार?” मी एक पट्टी तिच्या हातावर ठेवली. ती अगदी हलकी होती. पडली असती तरी काही बिघडले नसते.