धान्याचा सौदा

धान्य पिकविण्याची विद्या वडिलार्जित असली, तरी ते विकण्याची विद्या मला बाजार समितीच्या ओट्यावर, लिलावाच्या गलक्यात उभे राहूनच आत्मसात करावी लागत आहे. पूर्वी अडते आणि खरेदीदार रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत, आणि ज्याचा माल तो कास्तकार मात्र त्या गुप्त संभाषणाला पारखा राही. वऱ्हाडात 1897 साली कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला, तो बाजारातील व्यवहारांस शिस्त लावण्यासाठीच. आता मी तूर वाळवून, चाळूनच नेतो आणि हिशेबपट्टीतील हमाली-तोलाईच्या रकमा बारकाईने निरखतो. घेणेकऱ्यांचा तगादा नसेल (ही अट लहान नव्हे!), तर शेतमाल तारण योजनेत तूर गोदामात ठेवून किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते. माझ्यासारख्या चार पोत्यांच्या धन्याने सुगीतच माल काट्यावर घालण्यापूर्वी आपल्या समितीत या गोदामाची चौकशी अवश्य करावी.