वाटेत थांबणारी माणसे

आपल्या बोलीत 'शीर' हा शब्द फार राबवून घेतलेला आहे. मान आखडली की शीर आखडली, पोटरीत गोळा आला की शिरेवर शीर चढली, कंबरेतून कळ निघाली की शीर दबली. हृदयाकडून रक्त नेणारी रोहिणी, ते परत आणणारी नीला आणि संवेदना वाहून नेणारा मज्जातंतू या तिघांनाही आपण एकाच नावाने हाक मारतो. शाळेत या तिघांतले फरक पाठ केलेले असतात. पण ते उत्तरपत्रिकेतच राहतात आणि घरी आल्यावर पुन्हा आपली शीरच! यात हसण्यासारखे काही नाही. मात्र ज्या दुखण्याला बोलीत वेगळे नाव नाही, ते घरात येऊन बसले तरी कुणाच्या लक्षात येत नाही. हे मी आमच्याच घरात पाहिले आहे.

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. लाकडाच्या वखारीत दिवाणजी होते. कानावर पेन्सिल आणि खिशात बिडीबंडल, ही त्यांची ओळख. घरापासून वखार फार तर अर्धा मैल. हे अंतर ते वर्षानुवर्षे एका दमात तोडत असत. मग कधीतरी ते मारुतीच्या देवळापाशी थांबू लागले. आम्हाला वाटले, उतारवयात देवभक्ती वाढली. पुढच्या वर्षी ते अलीकडे, पिंपळाच्या पारावर टेकू लागले. त्यानंतर त्याही अलीकडे, केशकर्तनालयाच्या दारात उभे राहून आतल्यांना उगाच पावसापाण्याच्या गोष्टी विचारू लागले. दोन-तीन मिनिटे गेली की पोटरीतली कळ निघून जाई आणि स्वारी पुढे निघे. घरी विषय निघाला तर म्हणायचे, "वय झालं, दुसरं काय!" आई तेल कोमट करून देई, काकू विटेचा शेक देई.

पुढे रात्री झोपेतही पाय दुखू लागला. खाटेवरून खाली लोंबता सोडला की बरे वाटे. चपलेने अंगठ्याला झालेली जखम दोन महिने भरली नाही. अंगठा काळा पडला तेव्हा त्यांना शहरात नेले. तिथल्या शल्यविशारदांनी पहिला प्रश्न विचारला, "किती चाललं की दुखायचं?" आप्पा म्हणाले, "आधी मारुतीपर्यंत जायचो, मग पिंपळापर्यंत, मग न्हाव्यापर्यंत." डॉक्टर क्षणभर गप्प झाले. आजाराचा सगळा इतिहास त्या तीन ठिकाणांत आला होता. पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

या विकाराला इंग्रजीत पेरिफेरल आर्टेरियल डिसीज म्हणतात. पायाकडे जाणाऱ्या रोहिणीच्या आतल्या बाजूला चरबीचे थर साचतात आणि वाट अरुंद होते. बसल्या जागी पायाला थोडे रक्त पुरते. चालू लागले की स्नायूंना जास्त लागते, ते पोहोचत नाही, आणि पोटरी ओरडते. थांबले की ओरडणे थांबते. तंबाखू आणि मधुमेह हे याचे मोठे सोबती. रक्तदाब व कोलेस्टेरॉल त्यांच्या मागोमाग येतात. २०१० साली जगात २० कोटींहून अधिक लोकांना हा विकार असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे. ज्यांची पायाची रोहिणी अशी अरुंद झाली, त्यांच्या हृदयाच्या आणि मेंदूच्या रोहिण्यांनाही तोच धोका असतो. म्हणजे वाटेत थांबणारा पाय पुष्कळदा हृदयाचाही निरोप देत असतो.

ही गोष्ट नवीन नाही. १८३१ साली बुले नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने गाडीला जुंपलेल्या जनावराचे असे लंगडणे आणि विसाव्याने पुन्हा बरे होणे टिपून ठेवले होते. माणसातले तेच लंगडणे शार्को यांनी १८५८ साली वर्णिले. जर्मन लोकांनी तर त्याला 'दुकानाच्या काचेचा आजार' असे घरगुती नाव दिले आहे. कारण रोगी कळ लपवण्यासाठी दुकानांच्या काचांतून माल पाहत असल्याचा बहाणा करीत थांबत जातो. हे वाचले तेव्हा मला केशकर्तनालयाच्या दारातले आप्पा दिसले.

गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एका डॉक्टरांनी आम्हाला या विकाराचे पत्रक दिले आणि ते गावात पोहोचवा म्हणाले. मथळा होता, 'परिघीय रोहिणी विकार : जनजागृती'. मी ते आमच्या गावच्या साप्ताहिकाच्या संपादकांकडे नेले. ते जुन्या वळणाचे गृहस्थ. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ते वाचले आणि विचारले, "हे वाचून माणूस स्वतःला ओळखणार कसा? तुझे आप्पा कुठं कुठं थांबायचे, ते सांग." मी सांगितले. त्यांनी तिथेच कागद ओढून मथळा लिहिला : 'मारुतीपर्यंत जाताना पोटरी भरते का? थांबल्यावर राहते का?' खाली चार-सहा ओळी. बसायचीही गरज न पडता, नुसते उभे राहिल्यावर कळ जाते का ते पाहा; प्रत्येक पायदुखी ही नव्हे; पण ही असेल आणि बिडी-तंबाखू किंवा साखर असेल तर ग्रामीण रुग्णालयात दाखवा. मधुमेह्याने दुखण्याची वाट पाहू नये, त्याला कळ जाणवतेच असे नाही. त्याने पायाची जखम रोज पाहावी.

आषाढ जवळ होता आणि आमचे गाव पालखीच्या वाटेवरचे. संपादकांनी हा मजकूर मुद्दाम पालखीच्या वेळापत्रकाशेजारी लावला. "या आठवड्यात प्रत्येक जण पायांचाच विचार करतो," ते म्हणाले. त्याच अंकाच्या मागच्या पानावर सांधेदुखीवरच्या रामबाण तेलाची जाहिरात होती! मी ती त्यांना दाखवली. ते हसून म्हणाले, "जाहिरातीनं कागद येतो रे, मजकुरानं वाचक." या उत्तराने माझे समाधान झाले नाही, अजूनही झालेले नाही.

पुढे केबलवाल्याने तो मजकूर संध्याकाळी वाचून दाखवला, कुणी त्याचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर फिरवले. आठ दिवसांनी भाजी विकणाऱ्या एक आजी कात्रण घेऊन साप्ताहिकाच्या कचेरीत आल्या. वाचता येत नव्हते, नातवाने वाचून दाखवले होते. "यात माझंच लिवलंय," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी त्यांच्या दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजला. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागून ०.९० किंवा कमी आले तर रोहिणी अरुंद झाल्याचे समजतात. आजींचे त्याहून कमी आले. मिश्री सोडणे, औषधे, आणि रोज कळ येईपर्यंत चालून, थांबून, पुन्हा चालणे, एवढ्यावर त्यांचे आज चालले आहे. इतर काही जण आले, त्यांचे दुखणे गुडघ्याचे निघाले. तेही बरेच झाले.

अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या २,५०१ लोकांना दूरध्वनीवरून विचारले, तर जेमतेम २५ टक्क्यांना हा विकार ऐकून ठाऊक होता. ही पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. एवढी साधने असलेल्या देशाची ही कथा! तेव्हा मोठी वर्तमानपत्रे आणि दूरचित्रवाणी हे काम एकट्याने करतील, असे मला वाटत नाही. डॉक्टर मीटरमध्ये विचारतात, रोगी खुणेच्या जागा सांगतो. मुंबईच्या दैनिकाला आमचा पिंपळ ठाऊक नाही. तो ठाऊक असतो चार पानांच्या साप्ताहिकाला, केबलच्या वार्ताहराला, एस.टी. स्टँडवरच्या फळ्याला. ज्यांना आपण हौशी म्हणून नाके मुरडतो, त्यांच्याजवळ हे एक माप आहे आणि या रोगाला नेमके तेच लागते.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. रोहिणीतला अडथळा काढणे आपले काम नव्हे. पण शब्द शोधणे तर आपले आहे ना? प्रत्येक गावाचे थांबे वेगळे. कुठे वेस असेल, कुठे चावडी, कुठे दुधाची डेअरी. सुटीत घरी गेलात की वडीलधाऱ्यांबरोबर बाजारापर्यंत चालत जा, ते कुठे थांबतात ते पाहा, आणि गावच्या पत्रात त्या जागेचे नाव घालून चार ओळी लिहा. आप्पा आता कुबड्या घेऊन ओसरीवर बसतात. साप्ताहिक आले की आधी तेच वाचतात.