भिंगरीची हळद

आमच्या स्वयंपाकघरात चहा-साखरेच्या डब्यांच्या वरची फळी भिंगरीची होती. एकेकाळी तिच्यावर अकरा डबे-बाटल्या होत्या. ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनच्या गोळ्या, न्यूझीलंडच्या हिरव्या ओठांच्या शिंपल्यांची पूड, माशाचं तेल, एमएसएम नावाची एक कडू पांढरी भुकटी, क जीवनसत्त्व, शर्यतीआधी चाटवायची एक पेस्ट, शर्यतीनंतर पाण्यात घालायचे क्षार आणि असंच काहीबाही. त्या गर्दीत माझ्या थायरॉइडच्या गोळ्यांची स्ट्रिप मात्र रोज सकाळी शोधावी लागे.

भिंगरी म्हणजे आमची बॉर्डर कोली. २००९ च्या ऑक्टोबरात वेल्समधल्या एका मेंढपाळाकडून आणली तेव्हा पाच महिन्यांची होती. मेंढरांवर डोळा रोखून दबकत पुढे जायचं, हा या जातीचा धर्म. ही मेंढरं दिसली की आनंदाने स्वतःभोवतीच गरगर फिरायची. मेंढपाळाने कपाळावर हात मारला आणि आम्हाला स्वस्तात दिली. रेडिंगला येईपर्यंत ती गाडीत तीनदा ओकली आणि घरात पाऊल टाकल्याबरोबर सोफ्याला सात प्रदक्षिणा घालून मोकळी झाली. नाव ठेवायला वेळ लागला नाही. इथल्या लोकांच्या जिभेला ‘भ’ काही झेपला नाही. स्पर्धांच्या लाउडस्पीकरवर ती जन्मभर ‘बिंगरी’च राहिली.

असल्या कुत्र्याला दोन वेळा फिरवून आणलं की झालं, असं नसतं. सोफ्याचा एक पाय कुरतडून झाल्यावर लेक तिला गावातल्या ॲजिलिटीच्या वर्गाला घेऊन गेली. घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यती असतात ना, त्यांचंच हे कुत्र्यांसाठी केलेलं रूप. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स श्वान-प्रदर्शनात दोन कार्यक्रमांमधला रिकामा वेळ भरून काढायला जॉन व्हार्ली आणि पीटर मीनवेल यांनी हा खेळ बसवला. लोकांना तो इतका आवडला की दोन वर्षांत केनेल क्लबने त्याला मान्यता दिली. उड्या, बोगदा, उभी चढण-उतरण, सी-सॉ आणि ओळीने रोवलेले बारा खांब. कुत्र्याला साखळी नाही, माणसाच्या हातात खाऊ नाही. माणसाने नुसतं सोबत धावायचं, हातवारे करायचे आणि ओरडायचं.

भिंगरी खरी बघावी ती त्या बारा खांबांत. एक डावीकडून, एक उजवीकडून, अशी ती वेणी घातल्यासारखी निघायची. खांद्याचा धक्का लागून खांब वाकायचा, आणि तो परत सरळ व्हायच्या आत ही दोन खांब पुढे. टकटकटक असा आवाज यायचा, घाईच्या सकाळी कुणी भेंडी चिरतंय तसा. शेवटच्या खांबातून सुटली की एकदा भुंकायची. तेही लेकीवर, ‘तू अजून तिथेच?’ अशा सुरात. पस्तीस सेकंदांत खेळ खलास. त्या पस्तीस सेकंदांसाठी आम्ही पहाटे चारला उठून, पोळ्या लाटून, दीडशे मैल गाडी हाणून कुणाच्या तरी चिखलाच्या शेतात तंबू ठोकायचो.

उरलेला दिवस रांगेत. लग्नघरात बायका एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करतात, तशा इथल्या बायका एकमेकींच्या कुत्र्यांच्या गुडघ्यांची करतात. ‘तुमची काय घेते?’ हा पहिला प्रश्न. ज्या कुत्र्याला बक्षीस मिळालं, त्याच्या मालकिणीच्या पिशवीतून कुठल्या डब्याचं झाकण दिसतंय याकडे सगळ्यांचं लक्ष. मीही बघायचे, आणि दर स्पर्धेनंतर फळीवर एक डबा वाढायचा.

आता विचार केला की हसू येतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंग निववतो. घामातून क्षार जायचे नाहीत आणि पळायचं जेमतेम अर्धा मिनिट, मग पाण्यात क्षार घालून भरून काय काढायचं? क जीवनसत्त्व तर कुत्र्याचं यकृत स्वतःच तयार करतं. ते विकत आणून देणं म्हणजे सांगलीला हळद पाठवण्यातला प्रकार. पण हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

२०१६ च्या एप्रिलमध्ये एका सकाळी ती जिना उतरताना वरच्याच पायरीवर थांबली. पुढचा उजवा पाय खाली टाकला, उचलला, परत टाकला. मग माझ्याकडे बघून शेपूट हलवली, जणू पायरीच चुकीच्या जागी आहे. एक्स-रेत कोपराच्या सांध्यात हाडाचे काटे वाढलेले दिसले. कुत्र्याचं साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं आणि उडीनंतर सगळा भार आधी तिथेच येतो. भिंगरी खांद्यापाशी ४८ सेंटिमीटर. त्या वेळच्या नियमाने ती मोठ्या कुत्र्यांत मोडायची, आणि मोठ्यांची उडी ६५ सेंटिमीटरची. काही स्पर्धांत कमी उंचीची सोय असायची, पण ती आम्ही कधी घेतली नाही. कशाला घ्यायची, जिंकत होती ना!

डॉक्टरीणबाईंनी मेलॉक्सिकॅमचे थेंब लिहून दिले. मग मला मूठ वळायला लावली आणि दुसऱ्या हाताची बोटं मुठीच्या टेंगळांवरून फिरवायला सांगितली. ‘बरगड्या अशा लागल्या तर कुत्रं उपाशी.’ मग मूठ सोडवून हाताच्या पाठीवरून बोटं फिरवली. ‘अशा लागायला हव्यात.’ मग माझा हात उलटा केला, तळहातावर बोटं दाबली आणि म्हणाल्या, ‘ही तुमची भिंगरी.’

मी म्हटलं, अहो, ती खेळाडू आहे. त्या म्हणाल्या, खरंय, पण सरावाला चीज किती खाते?

मी अकराही डबे पिशवीत घालून नेले होते. त्यातून त्यांनी माशाचं तेल बाजूला काढलं, शिंपल्यांची पूड ‘हवी तर ठेवा’ म्हणाल्या. उरलेल्यांबद्दल ‘अपाय काही नाही’ एवढंच. पाहुण्यांनी स्वतःची कविता वाचून दाखवल्यावर आपण ‘छान’ म्हणतो, तो सूर. मग त्यांनी मला अठ्ठेचाळीस लॅब्रॅडॉरांची हकीकत सांगितली. अमेरिकेत एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या लावून एकाला भरपूर आणि दुसऱ्याला त्याच्या पाऊणपट जेवण, असं जन्मभर दिलं. २००२ साली निष्कर्ष छापून आले. पाऊणपट जेवणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं, दुसऱ्यांचं ११.२, आणि पाऊणपटवाल्यांचे सांधेही उशिरा धरले. माझ्या आईच्या कानावर हे गेलं असतं तर तिने आधी त्या संशोधकांनाच पोटभर जेवायला वाढलं असतं.

भिंगरी साडेवीस किलोंची होती. तिला सतरावर आणायचं ठरलं.

मे महिन्यात अण्णा आले, सहा महिन्यांच्या व्हिसावर. आई गेल्यावर पहिल्यांदाच. सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांची चाळीस वर्षं हळदीची अडत होती. हरिपूरला जमिनीखाली मडक्याच्या आकाराची पेवं खणून त्यात हळद साठवायचे, वर्षानुवर्षे टिकायची. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच पेवं गेली आणि अण्णांचा धंद्यातला जीवही गेला. माणूस माळकरी, मितभाषी. कुत्र्याला शिवायचे नाहीत, पण ‘ही तिकडं का बसलीया?’ म्हणून दहा वेळा विचारायचे.

वर्गातल्या एका बाईने मला पिवळ्या लापशीची बरणी दिली होती. ‘गोल्डन पेस्ट’ म्हणतात, त्या वर्षी सगळ्यांच्या पिशवीत तीच होती. अण्णांनी झाकण उघडून वास घेतला.

‘हळद आहे.’

‘हो.’

‘कुत्र्याला?’

‘सांध्यांसाठी देतात, अण्णा.’

‘केवढ्याला?’

‘बारा पौंड.’

अण्णांचे ओठ हलले. हिशेब झाला. ‘अकराशे रुपये. आणि वर पाणी घातलंय.’

पाणी, खोबरेल आणि मिरपूड घालून हळद शिजवायची, एवढीच ती कृती. अण्णा ऐकून घेत होते. मग म्हणाले, ‘माशेलकरांना कळवायला पायजे.’ जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ साली दोघा संशोधकांच्या नावावर झालं होतं. माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख. या संस्थेने आपल्याकडची जुनी ग्रंथांतली वचनं आणि शोधनिबंध पुढे ठेवून १९९७ मध्ये ते रद्द करवलं. त्या बातमीचं कात्रण अण्णांच्या दुकानात तराजूच्या वर काचेत लावलेलं होतं. लक्ष्मीच्या फोटोशेजारी.

दुसऱ्या दिवसापासून भिंगरीची हळद अण्णांच्या हातात गेली. सुपरमार्केटमधली पूड त्यांनी तळहातावर चोळली आणि सिंकमध्ये हात धुतला, एवढ्यावर तिचा निकाल लागला. मुंबईहून येणाऱ्या भाच्याकरवी हळकुंडं मागवली. एकेक हळकुंड कानाजवळ धरून मोडायचे. खणकन आवाज आला पाहिजे, आत नारिंगी दिसलं पाहिजे. मग मिक्सर, मग कढई. संध्याकाळी चारला भिंगरी त्यांच्या पायाशी येऊन बसायची. अण्णा चमचा वाटीत ठेवून पायाने वाटी पुढे सरकवायचे. महिन्याभराने पाहिलं तर चमचा हातात होता आणि तीच चाटत होती. माशाच्या तेलाचे थेंबही तेच घालायचे, नाकाला उपरण्याचं टोक लावून. ‘खाणार ती. मी नुसता वाढप्या.’

एवढं होऊनही अण्णांचा हळदीवर आंधळा विश्वास नव्हता, याचं मला नवल वाटायचं. मी कुठेसं वाचलेलं त्यांना उत्साहाने सांगितलं. बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिलंय, हळदीतलं कर्क्युमिन नुसतं खाल्लं तर अंगी लागत नाही, मिरीतल्या पायपेरीनबरोबर दिलं तर रक्तात वीसपट जातं. मला वाटलं, अण्णा आता ‘आपल्या आज्यांना ठाऊक होतं’ म्हणणार. ते म्हणाले, ‘माणसांना दिलंय ना? कुत्र्याला देऊन बघितलंय का कुणी?’

नमुना मोडून बघितल्याशिवाय त्यांनी आयुष्यात भाव केला नव्हता. त्यांनी एक वही घातली. रोजमेळासारखी, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. जमेला किती चमचे हळद, किती थेंब औषध, वजन किती. खर्चाच्या बाजूला जिना उतरताना किती ठिकाणी थांबली. जूनमध्ये पाच-सहा ठिकाणी थांबायची, ऑगस्टमध्ये एका. वजन अठरावर आलं होतं. मी खुशीत होते. अण्णा नव्हते. ‘एका गिऱ्हाइकाला तीन अडत्यांनी माल घातला, तर पट्टी कुणाच्या नावानं फाडायची?’

म्हणून त्यांनी सप्टेंबरात दोन आठवडे हळद बंद केली. मला न सांगता. चार वाजता भिंगरी येऊन बसायची, अण्णा तिला रिकामी वाटी दाखवायचे. ती वाटीही चाटायची. वहीत त्यांच्या वळणदार अक्षरात नोंद आहे: ‘१४ दिवस हळद नाही. पायऱ्यांत फरक नाही.’ खाली दुहेरी रेघ. हिशेब बंद.

आणि पंधराव्या दिवशी कढई परत गॅसवर.

‘फरक नाही म्हणताय, मग कशाला?’

‘चार वाजता ती येऊन बसती,’ अण्णा म्हणाले. ‘मग काय करू?’

ते परत गेले तेव्हा मी फळी आवरली. माशाचं तेल आणि हळद ठेवली, बाकी सगळं कचऱ्यात. नुसतं ग्लुकोसामाइन राहिलं, कारण बरणी नवी होती, जिवावर आलं. २०२२ मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी कुत्र्या-मांजरांच्या सांधेदुखीवरच्या पूरक आहारांचे अभ्यास एकत्र तपासून काढले. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ चा उपयोग दिसला, ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनचा दिसला नाही. दुखण्यावर ते यापुढे सुचवूच नये, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. मी तोवर सहा बरण्या नव्याने आणल्या होत्या. शिकलेल्या बाईचं असं असतं.

भिंगरी २०१७ मध्ये कमी उंचीच्या उड्यांवर परत पळाली. तोंडाभोवतीची पांढरी लव हळदीने कायमची पिवळी. नवरीला हळद लावून मांडवात उभी करावी तशी ती सुरुवातीच्या रेषेवर थरथरत उभी असायची. एका पंचांनी ही कुठली दुर्मीळ जात म्हणून विचारलं. लेकीने गंभीरपणे सांगितलं, सांगली कोली. २०१८ मध्ये आम्ही थांबवलं. २०२० पासून तिच्या मापाच्या कुत्र्यांसाठी वेगळा मधला गट झाला, ५० सेंटिमीटरच्या उडीचा. तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि तिला फक्त बागेतल्या होजपाइपवरून उडी मारायची असायची.

कोविडनंतर अण्णांनी प्रवास सोडला. व्हिडिओ कॉलवर आधी माझी विचारपूस, मग ‘तिला दाखव’. फोन खाली धरला की अण्णा वाटीवर चमचा वाजवायचे, इकडे म्हातारीचे कान उभे राहायचे, आणि दोघांचंही पुढे काय करायचं ते ठरलेलं नसायचं. वर्षातून दोनदा हळदीचं पार्सल यायचं.

२०२३ च्या फेब्रुवारीत ती गेली. चौदाला तीन महिने कमी. मागचे पाय चालेनासे झाले होते. डॉक्टरीणबाई घरी आल्या होत्या. अण्णांना फोन केला, ते ‘बरं’ म्हणाले आणि बराच वेळ फोन ठेवला नाही.

आधीच टाकलेलं पार्सल नंतर नऊ दिवसांनी आलं. दुहेरी प्लास्टिक, वर दोरा, त्यावर व्यापाऱ्याच्या हातची चिठ्ठी: ‘भिंगरी. राजापुरी, १ किलो.’ आमटीला ती वर्षभर पुरली.