खाऱ्या समुद्रात गोडं पाणी

अम्मींचं माहेर अकोल्याच्या खारपाणपट्ट्यातलं. दारात विहीर, पण पाणी तोंडात धरवत नाही. गोड्या पाण्याचे हंडे वाहण्यात त्यांचं लहानपण गेलं. 2019च्या डिसेंबरात सहकुटुंब मुरूडला जायचं ठरलं, तेव्हा आम्ही त्यांना एवढंच सांगितलं, की जंजिऱ्याच्या चारी बाजूंना समुद्र आणि आत गोड्या पाण्याचे दोन तलाव आहेत. त्या म्हणाल्या, "दाखवा मला तेवढं."

कल्याणपर्यंत रेल्वे, पुढे पनवेल, अलिबागमार्गे एसटी. लहान मुलं असतील तर अलिबागला मुक्काम करा. आम्ही केला नाही. वळणांच्या रस्त्यात धाकटीला उलट्या झाल्या.

राजपुरीहून शिडाच्या होडीनं किल्ला गाठला. दरवाजाशी होडी हेलकावत होती. लाटेनं वर उचलली, की पायरीवर पाय टाकायचा. अम्मींचे गुडघे आधीच दुखरे. "तुम्ही होडीतच बसा," आम्ही म्हणालो. त्या गप्प झाल्या. खलाशानं आम्हाला न विचारता त्यांनाच विचारलं, "खाला, येणार का?" दोघांनी दंडाला धरून त्यांना अलगद वर घेतलं. आम्हाला जरा लाजच वाटली.

मुलं कलालबांगडी तोफेकडे पळाली. अम्मी थेट तलावाशी. पाणी शेवाळानं हिरवंगार. "हे कोण पिणार?" मुलगा हसला. अम्मी काठावर बसून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या गावाला एवढं असतं तर आम्ही शेवाळ काढलं असतं."

पिण्याचं पाणी मात्र राजपुरीहूनच भरून न्या. आमची बाटली अर्ध्या वाटेतच संपली होती.