शेवटच्या पेल्याचा प्रश्न

बिली वाइल्डर यांचा ‘द लॉस्ट वीकएंड’ (१९४५) हा चित्रपट माध्यमांतराचे उदाहरण म्हणून मी पदव्युत्तर वर्गात बरीच वर्षे शिकवीत आलो आहे. चार्ल्स जॅक्सन यांच्या १९४४ च्या मूळ कादंबरीतील डॉन बर्नम अखेरीस पुन्हा पेला घेऊन अंथरुणात शिरतो. लोक एवढा गहजब का करतात, असा त्याला प्रश्न पडतो. चित्रपटातला डॉन मात्र व्हिस्कीच्या पेल्यात सिगारेट टाकतो आणि आपलीच कहाणी लिहिण्याचा संकल्प सोडतो. (संकल्प करताना तो ‘सोडायचा’, ही आपल्या भाषेची मौज इथे आठवावी अशीच आहे.) या बदलावरचा आक्षेप सुपरिचित आहे: हॉलिवुडने व्यापारी सोयीसाठी शोकात्म आशयाचा बळी दिला. मीही हेच सांगत असे.

दुसरा आक्षेप कारणमीमांसेचा. कादंबरीत डॉनच्या मागे महाविद्यालयीन काळातील एका तरुणाविषयीचे आकर्षण आणि त्यातून झालेली नाचक्की आहे. तत्कालीन निर्मितीसंहितेत हे बसणारे नव्हते. चित्रपटाने त्या जागी लेखकाची लेखनविषयक कुंठा आणली. कारण दुबळे झाले, म्हणून पतनही अपुरे वाटते, असा हा युक्तिवाद. मराठी वाचकाला तो नवा नाही. भर कोर्टातला अपमान हे सुधाकराच्या अधःपाताला पुरेसे कारण आहे काय, या प्रश्नावर ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगभूमीवर आल्यापासून आपल्याकडे थोडी का शाई खर्ची पडली?

माझे थोरले बंधू अठरा वर्षे पीत होते. सोडून आता नऊ वर्षे झाली. (हे लिहिण्यास त्यांची संमती आहे.) गेल्या वर्षी हा चित्रपट आम्ही एकत्र पाहिला. टंकलेखनयंत्र गहाण टाकण्यासाठी डॉन थर्ड अॅव्हेन्यूवरून पाय ओढीत जातो आणि योम किप्पूरमुळे दुकानामागून दुकान बंद आढळते, त्या प्रसंगात ते हलले नाहीत. चित्रपट संपल्यावर मी म्हणालो, “पाहिलंस दादा, कसा गोड शेवट केला!”

“गोड? अरे, त्याने अजून एक रात्रही काढलेली नाही. असे किती पेले मी मोरीत ओतले, ते तुझ्या वहिनीला विचार.”

कारणाविषयी विचारले, तेव्हा म्हणाले, “दर वर्षी वेगळं सांगायचो. सगळी खरी होती.”

अनुभव हे समीक्षेचे प्रमाणपत्र नव्हे, हे मी जाणतो. तरीही त्यानंतर मी चित्रपट पुन्हा पाहिला. आरंभी कॅमेरा न्यू यॉर्कच्या इमारतींवरून सरकत एका खिडकीशी येतो. खिडकीबाहेर दोरीला बाटली टांगलेली असते. अखेरीस तो त्याच खिडकीतून उलट शहरावर जातो. संवाद मुक्तीची भाषा बोलत असतात, दृश्यरचना मात्र आरंभस्थानी परतलेली असते. आम्ही संवादच ऐकले होते. डॉन बारवर उमटलेली ओल्या पेल्याची वर्तुळे नॅटला पुसू देत नाही, हे ‘प्रतीक’ म्हणून मी तत्परतेने शिकवले. तेच वर्तुळ संपूर्ण चित्रपटाचे असू शकेल, हे सुचले नाही.

गडकऱ्यांकडेही मग वेगळ्या दृष्टीने पाहावेसे वाटले. दारू सोडून काम मागायला निघालेल्या सुधाकराच्या वाट्याला पुन्हा अपमान येतो आणि तो परत पेल्याकडे वळतो. हा योजलेला योगायोग, असे आपण म्हणतो. परंतु पहिल्या अपमानाऐवजी दुसराही चालतो, तिसराही चालला असता, हेच तर नाटककाराला दिसलेले नसेल? तसे असेल, तर पुरेशा कारणाचा आमचा आग्रह व्यसनापेक्षा आमच्या शोकांतिकाविचाराविषयीच अधिक सांगतो.

जुना आक्षेप सर्वस्वी निकालात निघाला, असे मात्र मी म्हणणार नाही. हेलनची अढळ निष्ठा आणि त्या क्षणी तिने नेमके तिथे असणे, या गोष्टी प्रेक्षकाला थोपटून निजवतात. वहिनींना ते दृश्य मुळीच पटले नाही.

यंदा वर्गात शेवटचा प्रसंग दोनदा दाखवला. टिपणवहीतले ‘सोयीस्कर शेवट’ हे शब्द खोडले आहेत. त्या जागी काय लिहावे, ते अजून ठरलेले नाही.